सम्राट, झेंडू आणि दोन विहिणी

कबनूर
४ सप्टेंबर २०२५

विहीणबाईंना शालूबाईचा रामराम, मागांच्या खडखडाटासकट.

फोन केला न्हाय म्हणून राग मानू नका. जन्म मागाजवळ उभं राहण्यात गेला, त्यात माझं कान गेलं, तुमाला ठावंच हाय. परवा तुमी फोनवर बोलत हुतासा आणि मी नुसतं "व्हय, व्हय" म्हणत हुतो. त्यात तुमाला काय काय कबूल करून बसलो, देवाला ठाऊक. म्हणून आता कागद. मागाच्या सुट्टीला आमचं मालक आण्णा कोल्हापूरला येत्यातच, त्यांच्या पिशवीत कागद टाकत जातो. तुमी बी तसंच करा.

आता मुद्द्याचं. माझी क्रांती आणि तुमचा उन्मेष जर्मनीला गेल्यापासनं तुमी आमच्या सम्राटचं फोटू क्रांतीला लावून देतासा आणि क्रांती मला मोबाईलवर दावती. कालच्या फोटूत सम्राट तुमच्या झेंडूच्या वाफ्यात बसलाय, आणि तोंड सरळ फुलात घातलंय! माझ्या भावाची तेजस्वी हितं आलती, ती बघून किंचाळली. म्हणाली, "आत्ती, बागेतली फुलं मांजराला इषारी असत्यात, मोबाईलवर हाय."

विहीणबाई, त्यो बोका मुठीएवढा हुता तवा क्रांतीनं गटारीतनं काढलाय. बाटलीनं दूध पाजलंय. तुमच्या दारात माप ओलांडताना बी तिच्या काखेत त्योच हुता, आठवतंय न्हवं? तुमच्या नणंदेनं तोंडाला पदर लावलता. असल्या लाडाच्या जीवाला काय झालं तर लेकीला तोंड कसं दावू?

म्हणून सरळ इचारतो. झेंडू मांजराला चालतोय का न्हाय? चालत नसंल तर एक तर झेंडू उपटा, न्हायतर सम्राटला आण्णांबरोबर हिकडं लावून द्या. माझ्या घरात फूल म्हणून न्हाय. दारात नुसती कपडं वाळत्यात.

सोबत कांदा-लसणाची चटणी हाय. आणि आमच्या मागावरच्या धाग्याचा एक कोन हाय, तुमच्या नवरात्राच्या माळा ओवायला. तुमचा साधा दोरा सातव्या माळेला तुटतोय आणि देवघरात पसारा हुतोय, असं क्रांती सांगत हुती. ह्यो पॉलिस्टर हाय. म्हस बांधली तरी तुटायचा न्हाय.

तुमची विहीण,
शालूबाई


कोल्हापूर, मंगळवार पेठ
११ सप्टेंबर २०२५

शालूबाई,

नमस्कार. तुमचं पत्र वाचताना कानात मोठ्या आवाजात ऐकू येतं, हे आधी सांगते. आण्णा समोर चहा पीत होते, त्यांना म्हटलं, "लिहिताना पण ओरडतात की हो." ते म्हणाले, "आता तुम्हाला कळलं."

झेंडूचं. तेजस्वीच्या मोबाईलवर माझा विश्वास नाही, पण काळजी मला पण वाटली. म्हणून मी अस्मिताला बोलावलं. ती माझी विद्यार्थिनी, भूगोलाच्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपायची. आता जनावरांची डॉक्टर आहे आणि चांगली जागी असते. तिनं सगळ्या बागेतून एक फेरी मारली. मागून सम्राट, त्याच्या मागून मी.

तर निकाल असा: झेंडू निर्दोष. मांजरानं फार खाल्ला तर लाळ गळेल, एखादी उलटी होईल, पोट बिघडेल, एवढंच. जिवाला धोका नाही. जास्वंद, गुलाब यांनाही अभय. पण फाटकाजवळची माझी गुलाबी कण्हेर बघून तिनं मलाच फैलावर घेतलं. "बाई, हिची चार पानं पोटात गेली तर मी काही करू शकणार नाही." शालूबाई, ती कण्हेर मी नवीन घरात आल्या वर्षी लावली होती. दुसऱ्याच दिवशी माणूस बोलावून मुळासकट काढली. सदाफुली शेजारच्या तानाबाईंकडे गेली, त्यांच्याकडे मांजर नाही. आणि कुणी लिलीचा गुच्छ घेऊन आलं तर दारातूनच परत पाठवायचा हुकूम आहे. ती मांजराची किडनीच घेते म्हणे.

झेंडू मात्र राहणार. रोपं मी आषाढात लावली, ती नवरात्रासाठी. आता कळ्यांनी वाकलीत.

राहिला सम्राट. मला मांजरं आवडत नाहीत हे काही लपलेलं नाही. पण सून विश्वासानं सोपवून गेली आहे, तेव्हा जबाबदारी म्हणून मीच सांभाळेन. तुम्हाला उगाच त्रास नको.

धाग्याबद्दल आभार. ओढून बघितला, हाताला कापलं पण तुटला नाही. नंबर एक आहे.

माई


कबनूर
१८ सप्टेंबर २०२५

विहीणबाई,

तुमची डॉक्टरीण शानी हाय, मान्य. कण्हेर काढलासा, लई बरं केलासा. पण "एखादी उलटी, एवढंच" म्हणजे काय हो? तुमाला झाली तर एवढंच म्हणतासा का?

आणि मला सांगा, "मांजरं आवडत न्हाईत" हे कुणाला सांगताय? आण्णांनी तुमच्या फडताळात सुकटीचा डबा बघितलाय! तुमच्या घरात अंडं आत यायला भीत हुतं. लग्नाच्या बोलणीत तुमी तीनदा इचारलासा, "मुलगी घरी मासे करणार नाही ना?" आणि आता मास्तरीणबाई सोता बाजारात जाऊन सुकट निवडून आणत्यात म्हणं! आण्णा सांगत हुते, तुमी ती भाजताना नाकाला रुमाल बांधतासा. मी इतका हासलो की शेडातला कामगार बाहेर येऊन बघून गेला.

विहीणबाई, हासण्यावारी नेऊ नका, एक मनातलं सांगतो. हितं आता आमी दोघंच. आण्णा दिवसभर मागाकडं, न्हायतर बाजारात. मला ऐकायला येत न्हाय म्हणून आल्या-गेल्या बायका बोलायचा कंटाळा करत्यात. एकदा इचारत्यात, दोनदा इचारत्यात, मग "काय न्हाय, काय न्हाय" म्हणून उठत्यात. मांजराला तसलं काय नसतं. मी ऐकलं काय, न ऐकलं काय, ते जवळ बसतंय. लेकीचं काय तरी घरात हलतं-डुलतं असावं असं वाटतंय. म्हणून मागत हुतो. झेंडू हे एक निमित्त झालं.

पण तुमी द्यायच्या न्हाईसा, मला कळलंय. असू दे.

नवरात्र तोंडावर आलंय. माळा ओवताना धागा दुपदरी घ्या. झेंडूचं वजन असतंय, एकपदरी खाली लोंबतोय.

शालूबाई


कोल्हापूर
२५ सप्टेंबर २०२५

शालूबाई,

घाईत लिहिते आहे, आण्णा उद्या येतील आणि मी घरी नसेन. पत्र आणि फराळाचा डबा तानाबाईंकडे ठेवते आहे.

घट बसले. तुमचा धागा दुपदरी घेतला. दर वर्षी मी माळ बांधताना जीव मुठीत धरते, यंदा बिनघोर. आमच्याकडे रोज नवी माळ बांधायची आणि जुनी दसऱ्यापर्यंत उतरवायची नाही, त्यामुळे घटावर आता केशरी पडदाच झाला आहे. सम्राट समोर पाटावर बसून एकटक बघतो. तानाबाई म्हणाल्या, "बोका देवीला लागला की!" माझ्या शेजारी पोथीला बसणारं घरात कुणीतरी झालं.

उद्या ललितापंचमी. तानाबाईंबरोबर टेंबलाईच्या देवळात जाणार आहे. हे गेल्यापासून गेले नव्हते. यंदा उत्साह आला आहे, कशामुळे कोण जाणे.

तुमचं मागचं पत्र मी दोनदा वाचलं. त्याचं उत्तर असं घाईत देण्यासारखं नाही. सवडीनं देईन.

माई


कोल्हापूर
३ ऑक्टोबर २०२५

शालूबाई,

दसऱ्याचं सोनं आण्णांच्या हाती पाठवते आहे. इकडे सगळं क्षेम. सम्राट बरा आहे, आतल्या खोलीत झोपला आहे.

आण्णांना चहा तानाबाईंनी दिला. मला जरा बरं वाटत नव्हतं.

माई


कबनूर
९ ऑक्टोबर २०२५

विहीणबाई,

ह्यो काय कागद म्हणायचा? चार वळी! रेशन दुकानाची पाटी बरी. तुमची तब्येत कशी हाय? आधी ते सांगा.

आता दुसरं. माझं कान गेल्यात, पण आण्णांचं डोळं शाबूत हाईत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या दाराला तोरण न्हवतं म्हणं. झेंडूचा वाफा मोकळा, नुसती उकरल्याली माती. तुमच्या दारात ऐन दसऱ्याला झेंडू न्हाय? आणि सम्राटला दाखवा म्हटल्यावर तानाबाई मधी पडून म्हणाल्या, झोपलाय. आण्णा आलं की बोका कुटं बी असला तरी पिशवी हुंगायला येतोय. त्यो झोपत नसतोय.

काय लपवताय? माझ्या जीवाला घोर लागलाय, भाकरी गिळंना झालीया. खरं सांगा. वाईट असलं तरी सांगा.

शालूबाई


कोल्हापूर
१० ऑक्टोबर २०२५

शालूबाई,

घाबरू नका. सम्राट जिवंत आहे आणि हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा तो आण्णांच्या बरोबर, टोपलीतून, तुमच्या दारात आलेला असेल. पोटावर टाके आहेत. ते सुकले आहेत, आज काढले की फक्त खूण राहील.

झालं ते असं. ललितापंचमीला मी टेंबलाईला गेले. देवीपुढे कोहळा फोडतात तो बघितला, गर्दीत दोन जुन्या मैत्रिणी भेटल्या, उसाचा रस प्याले. मजेत घरी आले तर देवघरात सगळ्या माळा खाली, पाकळ्यांचा सडा, आणि सम्राट कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. तोंडाला लाळ. उलटीत झेंडूच्या पाकळ्या. मी त्याला परडीत घातलं आणि तशीच, पायात चप्पल नाही, रस्त्यावर धावले. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, बाळ आजारी हाय काय?" मी म्हटलं, "हो."

अस्मितानं त्याला ठेवून घेतलं. मी घरी येऊन झेंडूचा वाफा उपटला. खुरपं सुद्धा घेतलं नाही. रडत होते आणि उपटत होते. एक रोप ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, पोटात फुलांचा गोळा झाला होता, तो काढला.

तेव्हा तुम्ही म्हणत होता तेच खरं. झेंडू वाईट. मी ऐकलं नाही.

त्याला तुम्हीच ठेवा. तुमच्याकडे फुलं नाहीत आणि तुम्ही त्याला एकटा टाकून कोहळा बघायला जाणार नाही. सकाळी उठल्याबरोबर सुकट, पण भाजून, कच्ची खात नाही. दूध देऊ नका, मागेल, तरी देऊ नका. दुपारी उन्हाच्या तुकड्यात झोपतो, ऊन सरकलं की आपण हाक मारायची, म्हणजे तो सरकतो. पोळ्या लाटताना पायात येतो, पाय जपून उचलायचा.

आणि एक. त्याला शेडाकडे अजिबात जाऊ देऊ नका. कोन आणि कांड्या ठेवता त्या खोलीचं दार लावून घ्या. घरात धागा कुठे पडू देऊ नका. त्याला मागाच्या आवाजाची सवय नाही.

माई


कोल्हापूर
१६ ऑक्टोबर २०२५

शालूबाई,

उद्या आण्णा आले की हे देणार. सम्राट जेवतो का? एवढंच कळवा.

तुमच्या त्या मनातल्या पत्राचं उत्तर राहिलं होतं, ते आज देते. तुम्ही लिहिलंत, तुम्हाला ऐकू आलं न आलं तरी मांजर जवळ बसतं. माझे कान चांगले आहेत शालूबाई, पण ऐकायला घरात काही नव्हतं. उन्मेष-क्रांती जर्मनीला गेल्यावर सुरुवातीला मी रेडिओ स्वयंपाकघरात लावून बाहेरच्या खोलीत बसायची, म्हणजे आत कुणी आहे असं वाटायचं. सम्राट जवळ येऊन बसायला लागला आणि रेडिओ बंद झाला. दिवसभर मी त्याच्याशी बोलायची. भाजी काय आणली, तानाबाई काय म्हणाल्या, सगळं.

मला मांजर आवडतं. लिहून टाकलं एकदाचं. फार आवडतं.

तो तिकडे सुखात असला तर मला काही म्हणायचं नाही. खरंच नाही. फक्त जेवतो का ते कळवा.

माई


कबनूर
२२ ऑक्टोबर २०२५, दिवाळी पाडवा

मास्तरीणबाई,

लबाड! एक नंबरच्या लबाड हाईसा! शाळेत पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारलासा आणि सोता विहिणीला टोपी घातलासा!

तुमचं पत्र वाचलं तवाच मला खटकलं. आवाजाची सवय न्हाय म्हणून शेडात नको, हे समजलं. पण आवाजाची सवय न्हाय म्हणून धागा नको? धागा कवापासनं आवाज करायला लागला? कोनाच्या खोलीचं दार लावायचं कशापायी? मी आण्णांना इचारलं. त्यांनी छपराकडं बघितलं. आमचं मालक छपराकडं बघाय लागलं की समजायचं, काय तरी शिजतंय. मी म्हटलं, सांगा, न्हायतर आज चूल पेटत न्हाय.

आता आमच्या घरात गुपित सांगायची एकच रीत, वरडून. माग चालू हुतं. आण्णा जीव खाऊन वरडलं, "झेंडू न्हवं! तुझा धागा हुता! जिभंखाली अडकला, आतडं गोळा झालं!" मी म्हटलं, "काय?" ते परत वरडलं. सगळ्या गल्लीला कळलं, मला शेवटी. कामगारांनी माग थांबवलं आणि माझ्याकडं बघाय लागलं.

टाकं काढायला डॉक्टरीणबाई आल्यावर तिनं आण्णांम्होरंच सगळं सांगितलं म्हणं. साधा दोरा असता तर बोक्यानं झटका दिल्यावर माळ तुटून पडली असती, त्यो पाकळ्या थुंकून गेला असता. ह्यो तुटला न्हाय, म्हणून त्यो गिळत गेला. आणि तुमी हात जोडून म्हणालासा, "आण्णा, शालूबाईंना हे कळू देऊ नका, त्यांनी मोठ्या हौसेनं दिला होता."

विहीणबाई, मी खाटंवर बसून रडलो. वर दुपदरी घ्या म्हणून मीच लिवलतो! आणि तुमी सगळं झेंडूवर ढकललासा. त्या बिचाऱ्यानं काय केलंतं? ऐन दसऱ्याला त्याला मुळासकट फाशी! आणि मला वाईट वाटू नये म्हणून सोताचं मांजर देऊन मोकळ्या झालासा. असली माया करत्यात व्हय? सांगायचं न्हवं का तोंडावर, "शालूबाई, तुमचा धागा जळो!" मी भांडलो असतो, मग रडलो असतो, मग आपण दोघींनी चहा घेतला असता.

आता सम्राटचं. पयल्या दिवशी त्यो टोपलीतनं भाईर आला न्हाय. दुसऱ्या दिवशी बी दारातच, रस्त्याकडं तोंड करून. सुकट खाल्ली, पण माझ्याकडं बघितलं न्हाय. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पाय पसरून बसलतो, तर आला आणि मांडीवर चढला. मी पाठीवर हात ठेवला आणि विहीणबाई, हाताला घुरघुर लागली! माग चालू असताना शेडाच्या भितीवर हात ठेवला तर जसं लागतंय तसंच, पर बारीक. क्रांती म्हणायची, "आई, सम्राट किती छान घुरघुरतो." मी नुसतं व्हय म्हणायचो. मला कवा ऐकायला आलं न्हवतं. ते त्या दिवशी हातानं ऐकलं. हात उचलायचं मन हुईना. भात करपला.

मग वाटलं, न्हाय देत जा. माई लबाड हाईत, त्यांनी सोता दिलाय, ठेवतो मी. दोन दिवस तसंच मन घट्ट केलंतं.

पण आमचं घर बगा की. मी शेडातनं आलो-गेलो की पदराला धागं. आण्णांच्या सदऱ्याला धागं. केरात धागं, उशाला धागं, परवा आमटीत बी निघाला. कालच बोक्याच्या मिशीत एक सापडला, त्यो मी उपसून चुलीत टाकला. कोनाची खोली लावली म्हणून काय हुतंय? फुलांच्या घरात त्याला भ्या न्हाय, भ्या हाय ते माझ्या घरात. हे मला कळलंय आणि कळल्यावर त्याला ठेवून घेणं मला जमणार न्हाय. त्याची जागा तुमच्या बागेत.

म्हणून आज माग बंद हाईत तर निघालो. आण्णा गाडी चालवत्यात, सम्राट माझ्या मांडीवर टोपलीत, मी ह्यो कागद हादऱ्यात लिवतोय, अक्षर समजून घ्या. पाठीमागं झेंडूच्या फुलांची पाटी हाय, शिरोळकडच्या पावण्यांच्या मळ्यातली. सुट्टी फुलं. ओवायची न्हाईत, ताटात ठेवा, उंबऱ्यावर ठेवा, धागा लावायचा न्हाय. आणि तुमच्या घरातला त्यो कोन मी आज परत नेणार, त्याचं नाव काढू नका.

तोंडानं बोलाय लागलो तर तुमी काय म्हणतासा ते मला ऐकायला येणार न्हाय आणि मी भलतंच बोलून बसीन. म्हणून तुमच्या हातात ह्यो कागदच देणार आणि म्होरं बसणार. वाचा. खाली जागा सोडलीया, तिथं उत्तर लिवा. इचारायचं एकच हाय. मांजर तुमचं. पण मला त्याला हात लावायला कवा कवा यायला जमंल का?

शालूबाई


(खाली, निळ्या शाईत)

शालूबाई,

तुम्ही समोर बसून माझ्या तोंडाकडे बघताय, त्यामुळे मला धड रडताही येत नाही.

कवा कवा नाही. मागाला सुट्टी असेल त्या प्रत्येक दिवशी यायचं. आण्णांनी बाजार करावा, तुम्ही इथं राहायचं, जेवून संध्याकाळी जायचं. सुकट तुम्ही भाजा, मला तो वास अजून सोसत नाही. बोलताना मी अशीच कागदावर लिहीन, नाहीतर तुमच्याकडे तोंड करून सावकाश बोलेन. मी चाळीस पोरांच्या वर्गावर आवाज चढवलाय, एका विहिणीला काय घाबरते!

पाटीतली थोडी फुलं वाळवून ठेवायची आहेत, बियांसाठी. पुढच्या आषाढात वाफा आपण दोघी करू.

आता एक काम करा. सम्राट टोपलीतून निघून तुमच्या मांडीवर येऊन बसलाय आणि तुमचा हात त्याच्या पाठीवर आहे, ते मला दिसतंय. उठू नका, तो उठेल. चहा मी तिथेच आणते.

माई